मण्यांची साखळी ते सर्किटची पिन
वस्तू कालबाह्य झाल्या, पण त्या घडविण्याच्या रीतीने एका कौटुंबिक उद्योगाला शंभरी गाठून दिली

- प्रतिनिधी

चाव्यांच्या जुडग्याला किंवा वॉशबेसिनच्या बुचाला बांधलेली मण्यांची धातूची साखळी बहुतेकांनी हाताळलेली असते. ती कशीही फिरवली तरी तिला पीळ बसत नाही. क्षुल्लक वाटणाऱ्या या साखळीतून अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एक उद्योग उभा राहिला आणि पुढे तो इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पिना बनविणारा कारखाना म्हणून ओळखला जाऊ लागला. 'बीड' हे त्याचे नाव. इंग्रजीत बीड म्हणजे मणी.

दिव्यासाठी साखळी

विजेचे दिवे घरोघरी येऊ लागले, तेव्हा छताजवळचा दिवा लावायचा कसा, हा साधा पण अडचणीचा प्रश्न होता. ब्रिजपोर्ट शहरातील हार्वे हबेल यांनी १८९६ मध्ये साखळी ओढून दिवा लावण्याच्या सॉकेटचे पेटंट घेतले. त्याच शहरात वाल्डो ब्रायंट यांचा विजेच्या उपकरणांचा कारखाना होता. १९०१ मध्ये तो वेस्टिंगहाउस कंपनीकडे गेला. ब्रायंट यांनी १९१४ मध्ये 'बीड चेन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली. दिव्याच्या साखळीला मागणी होतीच. खरे आव्हान होते, ते इतके बारीक मणी झपाट्याने आणि स्वस्तात घडविण्याचे.

कीस न पाडणारी रीत

धातूचा बारीक भाग घडविण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे लेथ. सळई फिरवायची आणि नको तो भाग कापून काढायचा. यात बराचसा धातू कीस होऊन खाली पडतो. बीडच्या कारखान्यात धातू कापण्याऐवजी दाबून वळविला जाई. गुंडाळीतून येणारी पातळ पट्टी एकामागोमाग एक साच्यांतून पुढे सरकते. प्रत्येक साचा तिला थोडी अधिक गोल करतो आणि अखेर तिचा पोकळ मणी होतो. इंग्रजीत या क्रियेला 'स्वेजिंग' म्हणतात. धातू तापवावा लागत नाही, फारसा वाया जात नाही आणि काम अखंड चालते. नग लाखांनी बनवायचे असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो.

रेडिओने दिलेली संधी

रेडिओचे युग आले तेव्हा या रीतीला नवे काम मिळाले. जुन्या रेडिओतील व्हॉल्व्हच्या बुडाशी पिना असत. त्या पोकळ असाव्या लागत, कारण काचेच्या आतून आलेली तार पिनेतून खाली ओवून टोकाशी डाख द्यावा लागे. पट्टी वळवून केलेला पोकळ मणी आणि पट्टी वळवून केलेली पोकळ पिन यांत यंत्राच्या दृष्टीने फार अंतर नव्हते. साखळी बनविणारा कारखाना अशा रीतीने इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसायात आला.

१९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत व्हॉल्व्ह बाजारातून जवळपास हद्दपार झाला. मात्र सर्किट बोर्ड आले आणि त्यांनाही एकमेकांशी जोडण्यासाठी पिना लागतच होत्या. आकार बदलला, गरज उरली.

कल्हईचा प्रश्न

पिन दिसायला साधी, पण तिच्यावरचा मुलामा साधा नाही. तांबे किंवा पितळ हवेत काळवंडते आणि त्यावर डाख नीट धरत नाही. म्हणून पिनेवर कथिलाचा थर देतात. आपल्या भाषेत कल्हईच. पूर्वी या कथिलात थोडे शिसे मिसळत. युरोपीय महासंघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध घातले आणि जुनी अडचण पुन्हा डोके वर काढू लागली. शुद्ध कथिलाच्या थरातून केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात. असा एक तंतू शेजारच्या पिनेला टेकला की शॉर्ट सर्किट. मे १९९८ मध्ये 'गॅलेक्सी ४' हा उपग्रह निकामी होऊन अमेरिकेतील कोट्यवधी पेजर मुके झाले, त्यामागे असाच तंतू असावा, असे मानले जाते. यावर कथिलाखाली निकेलचा थर देणे, चकचकीत कथिलाऐवजी मंद झळाळीचे कथिल वापरणे असे उपाय केले जातात. काही पैशांच्या पिनेवर लाखमोलाचे यंत्र अवलंबून असते, ते असे.

टिकले ते काय?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिजपोर्टमधील एकेक मोठा कारखाना बंद पडला. त्यात ब्रायंट यांचा पहिला कारखानाही होता. बीडचा मुक्काम मात्र जवळच्या मिलफर्ड शहरात हलला आणि २०१४ मध्ये कंपनीने शंभरी गाठली, तेव्हाही ती संस्थापकाच्या वंशजांकडेच होती.

या टिकण्याचे श्रेय केवळ घराण्याला देता येणार नाही. दिव्याची साखळी मागे पडली, व्हॉल्व्ह गेला. कंपनीने स्वतःला 'साखळीवाले' एवढेच मानले असते, तर तीही त्यांच्याबरोबर गेली असती. धातू वाया न घालवता बारीक आकार देणे हे आपले खरे भांडवल आहे, हे तिने ओळखले. आपण काय विकतो, यापेक्षा आपल्याला नेमके काय येते, हा प्रश्न प्रत्येक लहान कारखानदाराने अधूनमधून स्वतःला विचारावा. मागणी आटल्यावर तो विचारला, तर बहुधा उशीर झालेला असतो.