झोअर : कर्जापायी सामाईक झालेलं गाव

अमेरिकेच्या ओहायो राज्यात टस्करावस नदीच्या काठी झोअर नावाचं दोनशेच्या आतल्या वस्तीचं गाव आहे. १८१९ ते १८९८ या काळात इथल्या धार्मिक मंडळीच्या सभासदांच्या मालकीचं स्वतःचं असं काही नव्हतं. शेती, गुरं, गिरण्या, भट्ट्या, सगळं सामाईक. अमेरिकेतल्या अशा वसाहतींच्या यादीत झोअरची गणती बहुधा ‘फसलेला प्रयोग’ म्हणून होते. हा निकाल घाईचा आहे, कारण ही माणसं कसला प्रयोग करायला आलीच नव्हती.

ती आली जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमधून, १८१७ साली. राज्याचं चर्च त्यांना मान्य नव्हतं. सैन्यात जायचं नाही, अधिकाऱ्यापुढे टोपी काढायची नाही, असा त्यांचा हट्ट. त्यापायी दंड भरले, तुरुंग भोगले. फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथातल्या लोकांनी मदतीचा हात दिला आणि जोसेफ बिमेलर या पुढाऱ्याच्या नावे सुमारे साडेपाच हजार एकर जमीन उधारीवर घेतली गेली. प्रत्येक कुटुंबाने आपापला तुकडा कसावा आणि आपापला हप्ता फेडावा, असंच मूळचं ठरलं होतं. पण जंगल तोडून शेत करायचं, तर म्हातारे आणि एकट्या बायका हप्ता आणणार कुठून? तेव्हा १८१९ च्या एप्रिलमध्ये करार होऊन सगळ्यांनी सगळं एकत्र केलं. त्यावर ५३ पुरुषांच्या आणि १०४ स्त्रियांच्या सह्या आहेत. समाईक संसाराची गरज का पडली, हे या दोन आकड्यांवरूनच उमगतं. स्त्रियांना इथल्या कारभारात मत होतं. देशाच्या घटनेने ते सर्व राज्यांत मान्य केलं १९२० साली.

यावर आक्षेप येतो की गावाला बांधून ठेवलं ते धर्माने, हिशेबाने नव्हे. धर्माचा वाटा मोठाच होता. गावच्या मधोमध असलेल्या बागेची आखणीच बायबलातल्या नव्या जेरुसलेमवरून केलेली आहे : केंद्रात एक उंच स्प्रूस, भोवती बारा शिष्यांच्या नावाने बारा ज्युनिपर आणि त्यांच्याकडून बाहेर फुटणाऱ्या पायवाटा. पण त्याच बागेला लागून उबदार काचघर होतं आणि क्लीव्हलंडचे श्रीमंत आपली नाजूक झाडं हिवाळ्यापुरती तिथे पाठवत. शिवाय १८१७ सालीही धर्म हाच होता, तरी मालमत्ता वेगळीच ठेवायची होती. धर्माने एकमेकांवर भरवसा टाकायला शिकवलं, पण सातबारा एक केला तो कर्जाने. ओहायो-ईरी कालवा त्यांच्या जमिनीतून जायचा होता, तर खोदाईचं कंत्राट त्यांनीच घेतलं. बायकाही मातीकामाला होत्या. त्यातून मिळालेल्या सुमारे २१,००० डॉलरनी जमिनीचं देणं फेडायला मोठा हातभार लागला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. लोक खुशीने राहत होते, की बाहेर पडलं तर हात रिकामे राहतील म्हणून? एका सभासदाच्या वारसांनी वाटा मागितला, तेव्हा प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८५२ साली न्यायालयाने सांगितलं की सभासदाने आपली मालकी सोडलेली आहे, तेव्हा वारसांना मिळण्यासारखं काही उरतच नाही. कायद्याने हे चोख असेल. पण लहानपणापासून राबलेल्या माणसाला ते जाचलं असणार. तिसऱ्या वर्षापासून मुलांना आईबापांपासून काढून सामाईक बालगृहात ठेवण्याची रीतही कित्येक वर्षं चालली. तिचं समर्थन करणं मला जमणार नाही. मात्र ‘बिमेलर होता म्हणून चाललं’ हे म्हणणं टिकत नाही. तो १८५३ साली वारला, आपल्या नावावरची जमीन मृत्युपत्राने मंडळीला देऊन गेला, आणि सामाईक कारभार त्यानंतर ४५ वर्षं चालला.

मग मोडलं कशाने? कारखान्यांच्या स्वस्त मालापुढे गावातलं कापड आणि लोखंड टिकेना. आगगाडी आली, तिच्याबरोबर हवापालटासाठी शहरी पाहुणे. गावच्या हॉटेलात त्यांची सरबराई करणाऱ्या तरुणांच्या हातात बक्षिशीची नाणी खुळखुळू लागली. पेठेतल्या चार वस्तू दिसू लागल्या. बिमेलरच्याच घराण्यातल्या एकाने १८९०च्या दशकात पत्रक काढून वाटणीची मागणी केली. कर्ज केव्हाच फिटलेलं, पाठीशी छळ नाही. एकत्र राहायचं कारण तरुणांना कोणी सांगू शकत नव्हतं. १८९८ साली मोजणी होऊन जमिनी, घरं, रोकड वाटली गेली. भाऊबंदकीत लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्या मानाने ही वाटणी बरीच सामोपचाराने झाली. काम होऊन संपलेल्या संस्थेला फसलेली म्हणायचं, तर टिकून राहणं हाच एक निकष धरावा लागेल.

त्या निकषावर तर खासगी मालकीचं झोअरही एकट्याच्या बळावर उभं नाही. नदीवर डोव्हर धरण झालं, तेव्हा पुरापासून गाव वाचवायला १९३०च्या दशकात सरकारने बांध घातला. पुढे बांधाखालून पाणी पाझरू लागलं, आणि गावच उठवून दुसरीकडे न्यावं की काय, इथवर पर्याय तपासले गेले. २०१२ साली देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ ऐतिहासिक स्थळांत झोअरचं नाव लागलं. अखेरीस बांध राखायचं ठरलं, आणि २०१६ साली गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. बांधाचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो.