मान दिला, धनाचं काय?

गेल्या वर्षी आमच्या बोईसरच्या महिला मंडळाने कार्यक्रमात तारपा नाच ठेवला होता. जव्हारकडून बारा जण आले. टाळ्या झाल्या, फोटो झाले. तारपा वाजवणाऱ्या बाबांना शाल-श्रीफळ आणि सगळ्यांचे मिळून तीन हजार मानधन दिलं.

निघताना मी सहज विचारलं, "बाबा, परवडतं का हो?"

ते हसले. "जीपवाला चौदाशे घेणार, ताई. राहिले ते बारा जणांत वाटू."

मी मनात भागाकार केला. माणशी १३३ रुपये! आणि त्यापायी प्रत्येकाची दिवसाची मजुरी बुडालेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाड्यावर तारपा पैशासाठी वाजत नाही. नवा भात आला की दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचं ते वाद्य घुमतं, सगळे फेर धरतात. पण आपण स्टेजवर बोलावतो तेव्हा ते काम असतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतला तारपा नाच आज आपण साड्यांवर, कपांवर हौसेने विकत घेतो. मग नाचणाऱ्यांना देतानाच हात आखडता का?

मंडपवाल्याशी आपण आधी दर ठरवतो ना? तसाच इथेही ठरवावा. गाडीभाडं वेगळं, जेवण आपल्याकडे आणि माणशी निदान एका दिवसाची मजुरी. यंदा आम्ही फुलांची कमान रद्द करून तेच केलं. शाल-श्रीफळ मात्र ठेवलं. मान हवाच, पण धनासकट!