एकांची रांग आणि उपयोगाचा प्रश्न

'याचा उपयोग काय?' शहापूर-मुरबाडच्या शाळांत गणिताच्या तासाला हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. प्रश्न रास्त आहे. 'परीक्षेत विचारतात' हे त्याचे उत्तर मात्र रास्त नव्हे.

आसनगाव, कसारा ओलांडून जाणाऱ्या आपल्याच रेल्वेमार्गावर देवळाली आहे. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तेथे १९३० ते १९६२ या काळात शालेय शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले ते डोंबिवली स्थानकावरून. कारण ही कल्पना त्यांना तेथेच सुचली होती. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकी मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले.

या वर्गांच्या मुळाशी नुसत्या एकांची रांग आहे. अशी कोणती रांग मूळ संख्या असते? एकांची गणती विभाज्य असेल तर संख्याही विभाज्यच : सहा एक म्हणजे १११ गुणिले १००१. उलट विधान मात्र खरे नाही. पाच एकांचे ४१ व २७१ असे अवयव पडतात. सात एकांचे २३९ व ४६४९. दोन एकांचे ११ ही मूळ संख्या. त्यानंतरची एकदम एकोणीस एकांची, मग तेवीस, मग ३१७. हिचे मूळत्व १९७७ मध्ये सिद्ध झाले, १०३१ एकांचे १९८६ मध्ये, तर ४९,०८१ एकांचे २०२२ मध्ये. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

आता उपयोग. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार स्वस्त, पण गुणाकारावरून त्या शोधणे अतिशय महाग. खर्चातील या तफावतीवर १९७७ साली गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली गेली आणि पुढे संगणकावरील आर्थिक व्यवहारांच्या रक्षणासाठी ती वापरली गेली. मूळ संख्या अनंत असल्याचे युक्लिडने सिद्ध केले, त्याला तेव्हा दोन सहस्र वर्षे उलटून गेली होती. उपयोगाची हमी आधी मागितली असती, तर हे ज्ञान जन्मासच आले नसते.

तथापि डेम्लो संख्यांसाठी असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांचा लाभ निराळा आहे. आठवड्यातून एक तास ११,१११ चे अवयव शोधण्यास द्यावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही, पाटी पुरते. ४१ ला २७१ ने स्वतः गुणून पाहणारा मुलगा सांगितलेले आणि तपासलेले यांतील भेद शिकतो. उद्या कर्जावरील व्याजाचा किंवा सरकारी अहवालातील आकडा समोर आला, तर तो मान डोलावण्यापूर्वी पेन्सिल उचलील. लोकशाहीत याहून मोठा उपयोग कोणता?