बंब विकू का? आणि साहेबाची फायरप्लेस

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. थोडा नीट केलाय, पण बोललेलं शक्यतो तसंच ठेवलंय.

प्रश्न असा आला होता: नृसिंहवाडीतलं जुनं घर उतरवतोय, माळ्यावर आजीचा तांब्याचा बंब आहे, भंगारवाला वजनावर मागतोय, देऊ का? उत्तराकडे जरा लांबून येतो.

महाबळेश्वरच्या जुन्या साहेबी बंगल्यांत भिंतीतली फायरप्लेस तुम्ही पाहिली असेल. व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) इंग्लंडात तिची जाळी, चौकट बहुतेक बिडाची असायची आणि त्यावर वेली, फुलं, काय नि काय. लाकडात एक नमुना कोरायचा, वाळूत त्याचा साचा उठवायचा आणि बीड ओतायचं. नमुना तोच, प्रती हव्या तितक्या! म्हणून ती नक्षी साध्या घरांनाही परवडू लागली. कोलब्रुकडेलचा कारखाना या ओतकामासाठी नावाजलेला. पण एवढ्या थाटाच्या त्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जायची.

आपल्याकडे दिवाणखान्यात आग कशाला हवी? हवं ते आंघोळीचं पाणी. बंबात बाहेर तांब्याचं पिंप, मधोमध उभा नळा, त्याच्या तळाशी लोखंडी जाळी आणि खाली राखेला जागा. वरून नळ्यात ढलप्या, शेणी टाकायच्या. जाळ पाण्याच्या पोटात असतो, चहूबाजूंनी पाणीच, त्यामुळे आच फारशी वाया जात नाही. रशियन सामोवारची रचनाही अशीच. शिवाय तांबं बिडापेक्षा सात-आठपट चांगली उष्णता वाहतं.

आता नक्षी. जुन्या भांड्यांवर ठोक्यांच्या गोल खुणा ओळीनं दिसतात, उजेडात चमकतात. ते मठारकाम. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हे काम चालतं. ते फक्त शोभेचं नाही बरं का. तापवून मऊ केलेला पत्रा हातोडीच्या ठोक्यांनी पुन्हा कडक होतो, भांडं सहज चेपत नाही. बिडाची फुलं साच्यातून आली, ही चमक मात्र एकेका ठोक्यातून. माझं मत विचाराल तर मला ही जास्त आवडते.

आणि वाडीत आणखी एक गोष्ट. कृष्णा-पंचगंगेचा संगम, त्यामुळे पूर घरात येणारच. २०१९ आणि २०२१ विसरलेलं नाही कुणी. गाळात राहिलेलं लोखंड गंजून पोपडे धरतं. तांबं काळं-हिरवं पडतं, पण चिंच-मीठ लावलं की पुन्हा लख्ख! जाळी तेवढी बदलावी लागते.

म्हणून, वजनावर देऊ नका. मोडीत दिलात तर फक्त धातूचे पैसे मिळतात, मजुरीचे शून्य. आधी पाणी भरून रात्रभर ठेवा. गळत असेल तर तांबटाकडून डाख मारून घ्या. मशीनवर घासून पॉलिश करू नका, मठार झिजतो. पेटवायचा असेल तर आधी पाणी, मग जाळ. रिकामा तापला की डाख सुटतो.

आणि हे नीट ऐका: पेटता बंब बंद न्हाणीघरात ठेवायचा नाही, कधीच नाही. कोळशाच्या-लाकडाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. परसात, उघड्यावर पेटवा, पाणी बादलीनं आत न्या.

बंबाचे फोटो असतील तर पाठवा, तोटीचेही.