झुडपी जंगलाला वाली कोण?

भद्रावती तालुक्याच्या नकाशावर माजरीच्या कोळसा खाणींपासून पूर्वेला मोहर्लीच्या ताडोबा प्रवेशद्वारापर्यंत बोट फिरवा. वाटेत वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), आयुध निर्माणी, महसूल खाते, प्रादेशिक वन विभाग असे मालक बदलत जातात आणि शेवटी व्याघ्र प्रकल्प लागतो. प्रकल्पाच्या हद्दीचे सगळे ठरलेले आहे. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य. दोन्ही मिळून 1995 पासून व्याघ्र प्रकल्प. सुमारे 625 चौरस किलोमीटरच्या गाभ्याभोवती 2010 मध्ये सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखले गेले. तिथे गस्त आहे, पर्यटनाचा पैसा आहे, विचारायला साहेब आहेत.

घोळ आहे तो झुडपी जंगलाचा. मालगुजारी 1951 मध्ये संपली आणि गावाभोवतीची मुरमाड, खुरटी जमीन, म्हणजेच झुडपी जंगल, सरकारजमा झाली. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. गुरे चारणे, जळण, मुरूम, खळवाडी, मसणवट हे सारे याच जमिनीवर चाले आणि गावाच्या निस्तार पत्रकात तसे नोंदलेलेही असे. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पुढे 1980 चा वन संवर्धन कायदा आला आणि याच जमिनीवर शाळेची खोली बांधायलाही दिल्लीची परवानगी लागू लागली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे पावणेदोन लाख हेक्टर जमीन. त्यातली 86,409 हेक्टर वनीकरणास अयोग्य म्हणून राज्य सरकारने बाजूला काढली, पण तिला ना महसूल खात्याने आपली मानले, ना वन खात्याने. अतिक्रमण करणाऱ्याला तेवढी ती आपली वाटली.

या जमिनीला रानाचे मोल नाही, हे म्हणणे मला पटत नाही. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभूळ माजली की तिथेही वाघ बसतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात तो वर्षानुवर्षे दिसतो. मग गावाच्या आखरापासून हाकेवर असलेले झुडूप त्याला का वर्ज्य असेल? ढोरकी जनावरे घेऊन तिथेच जातो. मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला बायाही पहाटे तिथूनच रानात शिरतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा मृत्यूची भरपाई आता 25 लाख रुपये आहे. रक्कम वाढली ते बरेच झाले, पण पैसे माणूस गेल्यावर मिळतात. जळणाचा आणि चराईचा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि त्याची जबाबदारी कोणा एका खात्याच्या टेबलावर नाही.

त्याच महिन्यात, 22 मे रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच. 12 डिसेंबर 1996 पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवून मार्ग काढावा. तीन हेक्टरपेक्षा लहान, वनाला न लागलेले तुकडे संरक्षित वन घोषित करावेत. घरे वाचणार म्हणून वर्तमानपत्रांनी पहिला भाग मोठा छापला. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो, कारण या तुकड्यांना पहिल्यांदाच कोणीतरी जाब देणारा मिळू शकतो. मात्र वन खात्याने तिथे नुसते तारेचे कुंपण घातले, तर गावाचा निस्तार संपेल आणि माणसे आणखी आत, वाघाच्या रानात शिरतील.

दुसरी वाट गडचिरोलीत आहे. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूची विक्री ग्रामसभेने स्वतः केली. भद्रावतीच्या गावांनाही सामूहिक दावा करता येतो. तुकड्यांची मोजणी होण्याआधी तलाठ्याकडून आपल्या गावाच्या निस्तार पत्रकाची नक्कल काढा आणि ग्रामसभेत वाचून घ्या.