खर्जाचा नाद आणि योग्य तार

संगीताची आवड असलेल्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे दिवाणखान्यांतील टीव्हीच्या जोडीस सबवूफर नांवाची पेटी येऊन बसूं लागली आहे. जो नाद लहान स्पीकरांस पेलत नाहीं तो खर्जाचा नाद उचलणें, एवढेंच तिचें काम. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा ध्वनि ऐकूं येतो. त्यांपैकीं २० ते १२० कंपनांचा अगदीं खालचा पट्टा या पेटीच्या वांट्यास येतो. पेटी घेतांना घरांतील वडील मंडळी चार दुकानें हिंडतात, भाव करतात. परंतु ती जोडणाऱ्या तारेचा प्रश्न आला म्हणजे दुकानदार देईल ती मुकाट्यानें घेतात. मग एक तर नको इतका पैसा जातो, नाहीं तर पेटींतून अहोरात्र ‘घूं’ असा आवाज येत राहतो. म्हणून या तारेविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें पाहावें, कीं पेटीस स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे किंवा नाहीं. पेटीची स्वतंत्र वायर भिंतींतील विजेच्या प्लगांत जात असेल तर तो आहे असें समजावें. घरगुती सबवूफर बहुधा याच जातीचे असतात. त्यांस मुख्य यंत्राकडून केवळ संदेश हवा असतो, शक्ति नव्हे. आणि तो एका आरसीए केबलीनें पोंचतो. पेटीस ॲम्प्लिफायर नसेल तर मात्र स्पीकरची जाड दुपदरी तार लागते. तेथें जाडीस महत्त्व आहे. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंत दहा मीटर अंतरास, जाण्यायेण्याचा मार्ग धरून, पाव ओहमच्या आंतबाहेर रोध होतो. चार ओहमच्या स्पीकरास हा शेंकडा सहाच्या जवळ जातो. अंतर एवढें असल्यास अडीच चौरस मिलिमीटरची तार घेणें शहाणपणाचें.

आतां पहिल्या जातीच्या तारेची रचना पाहूं. मध्यें तांब्याची एक तार, तिच्याभोंवतीं विद्युद्रोधक थर, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांवर बाहेरचें वेष्टन. या समाक्ष रचनेचें पेटंट ऑलिव्हर हेविसाइड या आंग्ल शास्त्रज्ञानें १८८० सालीं घेतलें. टोंकाचा प्लग अमेरिकेंतील आरसीए या रेडिओ कंपनीचा, म्हणून तेंच त्याचें नांव. जाळी दोन कामें करते. बाहेरची विद्युत्पीडा ती आंत येऊं देत नाहीं, आणि संदेशाचा परतीचा मार्गही तीच असते. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आंदोलनें घेते, आणि ५० हा आंकडा नेमका सबवूफरच्या राज्यांत येतो. लहान स्पीकर तो नाद क्षीणपणें काढतात. ही पेटी तो मोठ्या निष्ठेनें काढते. यास्तव तार घेतांना दाट विणलेली तांब्याची जाळी आणि घट्ट बसणारा प्लग, या दोन गोष्टी पाहाव्या. कोंकणासारख्या दमट हवेंत सोन्याचा मुलामा दिलेला प्लग बरा, कारण त्यावर गंज चढत नाहीं. परंतु त्यानें आवाज गोड होतो हें खरें नव्हे.

उलट ज्यांकरितां पैसा मोजूं नये अशाही गोष्टी आहेत. ‘७५ ओहमची खास सबवूफर केबल’ असें वेष्टनावर छापलेलें असतें. ती वापरण्यास हरकत नाहीं. पण त्या आंकड्याचा येथें उपयोग नाहीं. ८० कंपनांच्या विद्युत्तरंगाची लांबी अशा तारेंत सुमारें अडीच हजार किलोमीटर भरते. पांच मीटरांच्या तारेस त्याचें काय होय? तारेच्या धारितेची भीतीही अशीच पोकळ. दहा मीटर तारेची धारिता हजार पिकोफॅरड व यंत्राचा रोध हजार ओहम धरला, तरी तिचा परिणाम सेकंदास दीड लाखाहून अधिक कंपनांवर सुरू होतो. महाग तार आणली त्याच दिवशीं पेटी कोपऱ्यांत सरकविली आणि खर्ज वाढला, तर त्याचें श्रेय तारेस देणें हा शुद्ध काकतालीय न्याय होय. कारण कोपऱ्यांतील भिंतींमुळें खर्ज वाढतच असतो.

म्हणून आधीं जागा ठरवावी, नंतर लांबी. पेटी क्षणभर आपल्या बैठकीच्या जागीं ठेवून ओळखीचें गाणें लावावें आणि खोलींत भिंतीच्या कडेनें फिरावें. जेथें खर्ज स्वच्छ व सारखा ऐकूं येईल तेथें पेटी न्यावी. मग भिंतीच्या कडेनें अंतर मोजून एक मीटर अधिक धरावें. तार विजेच्या वायरींस समांतर नेऊं नये. ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावी.

एवढें करूनही ‘घूं’ राहिलें तर? आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं असें झालें. त्यानें दोनदां तार बदलली, दुसरी पहिलीच्या दहापट किंमतीची. शेवटीं एका दुकानदारानें प्लगाची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. असें कदापि करूं नये. आंतील वायरीचा रोधक थर फाटला तर पेटीच्या धातूच्या भागांत वीज उतरते, आणि तीच केबलीच्या जाळीतून सर्व यंत्रांवर पसरते. ज्या घरांत रांगतें मूल आहे तेथें याचा अर्थ काय, हें सांगणें नको. अशा वेळीं न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेक कामास येतो : जें असतां आवाज होतो आणि जें नसतां होत नाहीं, तें कारण. एकेक जोडणी काढून पाहावी. त्या घरीं टीव्हीची बाहेरून आलेली केबल काढतांच पेटी शांत झाली. ती केबल इमारतीबाहेर एका ठिकाणीं भूमीस जोडलेली, यंत्र दुसऱ्या ठिकाणीं. दोहोंतील फरकामुळें जाळींतून प्रवाह वाहत होता. उपाय सोपे आहेत. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर घ्यावीं. तेवढ्यानें न भागल्यास टीव्हीच्या केबलीस पृथक्कारक बसवावा. आवाजाच्या मार्गांत ट्रान्सफॉर्मर घालावयाचा तर तो चांगल्या प्रतीचा हवा. हलका ट्रान्सफॉर्मर खर्जच गिळतो.

आणखी एक नियम मुलांस आवर्जून शिकवावा. केबल जोडतांना वा काढतांना दोन्ही यंत्रें बंद असावीं. कारण या प्लगाचा मधला खिळा जाळीच्या आधीं टेंकतो व पेटींतून मोठा धडाका निघतो.

सारांश, साधी, तांब्याच्या दाट जाळीची, मोजून घेतलेली तार गृहस्थास पुरे आहे. वांचलेला पैसा चांगल्या ध्वनिमुद्रिकांकडे लावावा. आणि अर्थिंगची पिन मात्र ज्याच्या त्यानें आजच पाहून घ्यावी.