सेमिनारचा पेपर कपाटात पडू देऊ नका

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. निबंध वाचून झाला म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला नाही. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आमच्या अभ्यासवर्गात येणारी मुले-मुली समाजशास्त्र, इतिहास, पाली अशा विषयांत एम.ए. करतात. सफाई कामगार, ऊसतोड महिला, वस्तीतील विहारे यांवर ती मेहनतीने लघुप्रबंध लिहितात. गुण मिळाले की ते कपाटात जातात आणि आपल्या वस्त्यांबद्दलचे लेखन मात्र इतरांच्या नावावर जमा होत राहते. हे थांबवायचे असेल तर विद्यार्थ्यांसाठी चालणारी मानव्यविद्येची नियतकालिके ही चांगली पहिली पायरी आहे.

आधी नियतकालिक ओळखा. त्याचे मागचे दोन-तीन अंक वाचा. विषय कोणते घेतात, शब्दमर्यादा किती, संदर्भ कोणत्या पद्धतीने देतात, पदवी घेतलेल्यांना चालते की फक्त शिकत असलेल्यांना, हे नियमावलीत दिलेले असते. नियम न पाळलेला लेख बऱ्याचदा न वाचताच परत येतो.

लघुप्रबंध जसाच्या तसा पाठवू नका. ऐंशी पानांतून एकच प्रश्न निवडा. मांडणी कशी करावी हे बाबासाहेबांच्याच निबंधातून शिकता येते. ते आधी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या मांडतात. प्रत्येकाचे काय पटते आणि काय अपुरे आहे ते सांगतात. मग जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मूळ लक्षण आहे हा स्वतःचा मुद्दा सिद्ध करत नेतात. इतरांनी काय म्हटले, त्यात काय राहून गेले आणि आपण काय नवे सांगतो, या तीन गोष्टी लेखाच्या पहिल्या दोन पानांत आल्या पाहिजेत.

संदर्भ पक्के हवेत. व्हॉट्सॲपवर फिरणारे बाबासाहेबांचे वाक्य संदर्भ म्हणून चालत नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेतला खंड आणि पान द्या. 'भारतातील जाती' हा निबंध पहिल्या खंडात आहे. दुसऱ्याचा मजकूर नाव न देता घेणे ही वाङ्मयचौर्याची बाब आहे, त्याबद्दल यूजीसीचे २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत.

माणसांना जपा. अत्याचारग्रस्त कुटुंबाची मुलाखत घेतली असेल तर छापण्यासाठी वेगळी संमती घ्या. नुसते नाव बदलून भागत नाही. गाव, पद आणि घटनेची तारीख यांवरूनही माणूस ओळखता येतो.

स्वतःचे नाव काढा. बहुतेक ठिकाणी लेखक कोण हे न कळता लेख तपासला जातो. त्यामुळे नाव, कॉलेज आणि मार्गदर्शकांचे आभार लेखाच्या फाइलमध्ये ठेवू नका, ती माहिती वेगळ्या पत्रात द्या. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका.

पैसे मागितले तर थांबा. आमच्या वर्गातील एका मुलाने दोन हजार रुपये भरले आणि तीन दिवसांत त्याचा पेपर 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात आला. पेपर कोणी तपासलाच नव्हता. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत त्याच्यावर मान खाली घालायची वेळ आली. आयएसएसएन हा फक्त नोंदणी क्रमांक आहे, तो दर्जाची खूण नाही. यूजीसीने केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता पारख आपल्यालाच करावी लागते. संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का, जुने अंक उघडतात का, लेख तपासण्याची पद्धत लिहिलेली आहे का, हे पाहा. शंका आली तर प्राध्यापकांना विचारा.

लेख पाठवल्यावर काही महिने थांबावे लागते. 'सुधारणा करा' असे उत्तर आले तर तो नकार समजू नका. तपासणाऱ्याच्या प्रत्येक सूचनेसमोर आपण काय बदलले ते लिहा. एखादी सूचना पटली नाही तर का पटली नाही, ते सभ्य शब्दांत कारणासह सांगा. आपले मत चुकीचे ठरले तर ते सोडायला आपण तयार आहोत, असे बाबासाहेबांनीही त्या निबंधाच्या शेवटी म्हटले आहे. नकारच आला तर त्यातल्या सूचना घेऊन लेख सुधारा आणि दुसरीकडे पाठवा.

इंग्रजी कच्चे आहे म्हणून थांबू नका. मराठीत लेख घेणारी नियतकालिकेही आहेत. या महिन्यात आपला जुना सेमिनार पेपर बाहेर काढा, मित्राला वाचायला द्या आणि त्यातला एक प्रश्न निवडा. पुढचे काम तिथूनच सुरू होते.

जय भीम!